दगडांवरचे पांढरे पट्टे

आमच्या अंगणातून डोंगरावर वाट जाते, यात आमचा काय दोष? घराच्या आधीपासून ती आहे. रस्त्यावरून वळते, माझ्या शिवणाच्या खिडकीखालून जाते, घर आणि लाकडं ठेवायची शेड यांच्यामधून निघते आणि मागच्या फाटकातून वर तळ्याकडे चढते. ती अडवायची नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नोकरीच ती होती. वाटा राखायच्या, फाटकांना तेल घालायचं आणि दर वर्षी दगडांवर पांढरे पट्टे मारायचे, म्हणजे परकं माणूस चुकू नये. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी पट्टे तेच मारतात. कुणाला परत पाठवणं त्यांच्या स्वभावातच नाही. फाटकाशी स्टूल टाकून बसायचं, येणाऱ्याला पाणी विचारायचं, कुठून आलात, पायात हे असले बूट कशाला घातलेत, असं सगळं चालायचं. तेव्हा येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे माझंही काही म्हणणं नव्हतं.

मग साथ आली. शहरात बागा बंद, सिनेमा बंद, हॉटेलं बंद. घरात बसून माणसांना भिंती खायला उठल्या. कुणा मेल्यानं तळ्याचा फोटो फोनवर टाकला आणि झालं! शनिवार उजाडला की रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्याच गाड्या. कुत्री, पोरं, गाणी लावलेले फोन. शेडच्या मागे नको ते उद्योग. एक बाई तर माझ्या खिडकीत डोकं घालून म्हणाली, "काकू, बाथरूम कुठंय?" काकू! माझ्याच वयाची असेल, वर दोन वर्षं जास्तच. मास्क हनुवटीखाली लोंबत होता. मी दिवसभर मास्क शिवते आणि ही माणसं ते दाढीला बांधतात.

रागाचं सोडा, मला भीती होती. मागच्या हिवाळ्यात आबांना न्यूमोनिया झाला होता. घरी आले ते निम्मे होऊन आले. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, "त्यांना हा आजार झाला तर निभावणार नाहीत. माणसांपासून लांब ठेवा." लांब ठेवा! आणि माणसं तर आमच्या दारातून चाललेली.

त्यात त्यांचे डोळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, ते साथीमुळे पुढे ढकललं. सगळं धुकं झालं होतं त्यांना, फक्त पांढरं तेवढं उठून दिसायचं. तरी सकाळी काठी घेऊन मागच्या फाटकातून निघायचे आणि आपल्याच पट्ट्यांच्या मागे मागे थोडं चढून परत यायचे. मग गर्दी उजाडताच यायला लागली, तेव्हा मी तेही बंद केलं. मागच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. ते रुसले. जेवायचे, पण बोलायचे नाहीत.

"कोंबडीसारखं डालून ठेवलंस मला," एक दिवस एवढंच म्हणाले.

"जिवंत कोंबडी बरी," मी म्हटलं.

ग्रामपंचायतीत जाऊन आले. साहेब म्हणाले, वाट सार्वजनिक आहे. पोलिसांना फोन केला, ते म्हणाले बघतो. नवरा दुधाची गाडी चालवतो, तो पहाटे जातो तो दुपारी येतो, आणि आला की म्हणतो, "जाऊ दे गं." माझ्या डोक्यात मात्र सारखं घिरट्या घालत होतं. पायडल मारताना, कांदा चिरताना, अंथरुणात पडल्यावरही कान अंगणाकडेच. कुणी खोकलं की सुई बोटात जायची.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी आबा रेडिओ ऐकत बसले असताना मी त्यांचाच रंगाचा डबा आणि ब्रश उचलला. रस्त्यापासून अंगणापर्यंतचे पट्टे चिखलानं लिंपून टाकले. मागच्या फाटकाबाहेरचेही लिंपले, म्हणजे उतरणारे आत वळायला नकोत. आणि नवे पट्टे मारले कुंपणाच्या पलीकडून, ओढ्याकाठच्या पायवाटेवर. ती वर जाऊन मूळ वाटेला मिळते. चिंचोळी आहे, ओली आहे, पण आमच्या दारातून जात नाही ना! हात धुताना मी चक्क गुणगुणत होते.

आणि शनिवारी जादू झाली. गाड्या आल्या, दारं आपटली, आवाज कुंपणाच्या पलीकडून वर सरकत गेले. अंगणात चिटपाखरू नाही. माझा जीव कसा भांड्यात पडला म्हणून सांगू! मी चहा घेऊन आबांच्या खोलीत गेले.

"आज कुणी आलं नाही हो आबा."

"कुणीच?" त्यांनी मान वर केली. "मग जरा पाय मोकळे करून येऊ?"

"या की. आज तुमचंच राज्य."

मीच काठी हातात दिली. मीच मफलर गुंडाळला. त्यांनी जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली, किती तरी दिवसांनी. मी मशीनवर येऊन बसले. मास्कची एक बाजू शिवून झाली, दुसरी लावायला घेतली आणि एकदम आठवलं. मागच्या फाटकाबाहेर पांढरं काही नव्हतंच. पहिलं पांढरं दिसणार होतं ते ओढ्याकडे. मी काढलेलं. सगळं शहर मी तिकडेच लोटलं होतं, आणि आता आबांनाही.

कात्री पडली ती तिथेच. दाराशी शिवलेल्या मास्कची माळ टांगलेली असते, तिच्याखालून मी तशीच धावले. ओढ्याची पायवाट म्हणजे एका वेळी एक माणूस जेमतेम, आणि तिच्यावर येणारे, जाणारे, कुत्र्यांचे पट्टे, पाठीवरच्या पिशव्या. "म्हातारे गृहस्थ दिसले का? काठी, राखाडी मफलर?" मी लोकांचे दंड धरून विचारत होते. कुणी तोंडावर खोकलं, कुणी शिंकलं, कुणी म्हणालं, पुढे कुणीतरी बसलंय बाई. मी रेटत रेटत पुढे गेले.

ओढा जिथे वाटेवर येतो तिथे सगळा घोळका अडकला होता. मधोमध दगडावर आबा. लाल जॅकेटातल्या एका बाईनं त्यांचा हात धरलेला, दुसरा कुणी पाण्याची बाटली पुढे करतोय आणि आबा, मास्क गळ्यात, हसून हसून सांगताहेत की वरचं तळं एकदा कसं आटलं होतं.

"लांब व्हा! सगळे लांब व्हा त्यांच्यापासून!" मी अशी किंचाळले की कुत्री भुंकायला लागली.

लाल जॅकेटवाली घाबरून मागे सरली. "अहो, पाण्यात पाय टाकत होते. आम्ही धरलं म्हणून बरं."

तिचे आभार मानायला हवे होते. आबांना दंडाला धरून घरी आणलं, कपडे उकळत्या पाण्यात टाकले, त्यांना खोलीत घातलं आणि दाराबाहेर जमिनीवर बसले. लागण नको म्हणून नवरा त्या दिवसापासून डेअरीवरच झोपायला लागला. मी दाराला कान लावून असायचे. आतून खोकला येतोय का? नुसता घसा खाकरला की मी उठून उभी राहायचे.

"पट्टे मीच पुसले, आबा," एका संध्याकाळी मी दारातूनच सांगून टाकलं.

"माहितेय."

"माहितेय म्हणजे?"

"तुझा ओला रंग होता, बाई. हाताला लागला. माझे पट्टे वाळून वर्ष झालं."

"मग परत का नाही फिरलात? पडला असतात, मेला असतात!"

आत खाट करकरली. मग म्हणाले, "माणसं होती ना गं तिकडे. बोलण्याचा आवाज येत होता."

मी तोंडात पदर कोंबला. रडू ऐकू गेलं तर पुन्हा तेच मला समजावत बसले असते.

दुसऱ्या दिवशी ताप आला. आबांना नाही, मला. अंग नुसतं फणफणलं आणि चहाची चवच लागेना. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई दोघांची तपासणी करून गेल्या. आबांना काही नाही, ठणठणीत. मला झाला होता. मग उलटं झालं. मी शिवणाच्या खोलीत, दार बंद. नवरा अंगणातून डबा खिडकीत ठेवायचा आणि मागे सरायचा. आबांनी त्याच्याकडून आमच्या वाटेवरचे दगड धुवून घेतले आणि ओढ्याकडचे पट्टे चिखलानं लिंपून घेतले. ओढ्यावर कुणी बुडायला नको, म्हणाले. म्हणजे पुन्हा वाट आमच्याच अंगणातून. मी अंथरुणात तळमळत होते. श्वास घेताना फासळ्या दुखायच्या, आणि शनिवार आला की पुन्हा तीच झुंड, आणि आबा बाहेर एकटे. उठायचं म्हटलं तर भिंत फिरायची.

शनिवारी गाड्यांची दारं आपटली आणि मी कशीबशी खिडकीला टेकले. आबांनी स्टूल फाटकाशी नाही, पार रस्त्याच्या तोंडाशी आडवं टाकलं होतं. मी शिवलेला फुलाफुलांचा मास्क नाकापर्यंत नीट बांधलेला. हातात काठी, वाटेवर आडवी धरलेली.

"तळ्याकडे इथूनच ना, आजोबा?" कुणीतरी विचारलं.

"वाट बंद आहे."

"अहो, पट्टे तर दिसताहेत."

"पट्टे मीच मारलेत. बंद आहे म्हणून मीच सांगतोय." आवाज चिरकला, पण काठी हलली नाही. "आत माझी पोर आजारी आहे. तिला तुमचा आवाज सहन होत नाही. परत जा बाबांनो."

उभ्या जन्मात त्यांनी कुणाला परत पाठवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. लांब उभे राहा आबा, लांब, म्हणून मी खिडकीची काच वाजवली. त्यांनी मान वळवली नाही. मागून दुसरी गाडी येऊन थांबली होती.