चेतनाचं दुसरं नाव

“प्रेमाताई, हात पुसून आत या जरा. आणि बसा.”

बसा म्हटल्यावर प्रेमा दाराशीच थबकली. मुलुंडच्या त्या बालगृहात आया म्हणून तिला एकतीस वर्षं झाली होती. ऑफिसात बसायला तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. समाजसेविका नमिताताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“स्पेनहून पत्र आलंय. तिकडच्या सरकारी खात्याचं. आपली चेतना गेली.”

“कुठे गेली?”

नमिताताईंनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा तिला कळलं.

पुढचं तिच्या डोक्यात तुकड्यातुकड्यांनी शिरलं. दत्तक नेणाऱ्या जोडप्याचं पाच वर्षांत फाटलं. पोरीला ठेवून घ्यायला दोघंही तयार होईनात. मग सरकारी वसतिगृह. अठरा पूर्ण झाल्यावर तिथूनही बाहेर. भाड्याच्या खोलीत न्यूमोनिया झाला, ते कुणाला कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीने दार तोडायला लावलं. वय एकवीस. बॅगेत बालगृहाचा पत्ता सापडला, म्हणून विचारलं होतं, कळवण्यासारखं कुणी आहे का.

चेतना हे नाव प्रेमानेच ठेवलेलं. पोर आणली तेव्हा निळी पडली होती, रडतसुद्धा नव्हती. प्रेमा दोन दिवस तिला पोटाशी धरून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीने असा टाहो फोडला की प्रेमाच्या तोंडून निघून गेलं, “आली बाई, चेतना आली!” रजिस्टरात तेच नाव लागलं.

प्रेमाला मूल नव्हतं. पोर तीन वर्षांची झाली, तेव्हा नमिताताई स्वतःहून म्हणाल्या होत्या, “तुम्ही दोघं अर्ज करा. इथल्या आईबापांना आधी देतात. पुढचं मी बघते.” प्रेमा फॉर्म घेऊन भांडुपच्या खोलीवर आली. दत्ताराम, तिचा नवरा, तेव्हा एका कारखान्यात फिटर होता. माणूस वाईट नव्हता. दारूला शिवायचा नाही, कधी हात उगारायचा नाही. फॉर्म बघून तो एवढंच म्हणाला, “कोणाचा रगात, खंयची जात. गावाक गेल्यावर भावबंदांका काय सांगू?”

अकरा दिवस तो कागद टीव्हीखाली पडून होता. बाराव्या दिवशी तिने तो कोराच परत नेला.

वर्षभराने स्पेनचं जोडपं आलं. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या नव्या नावाचा अर्थ प्रेमा विचारून घ्यायची. लुझ म्हणजे प्रकाश. आल्बा म्हणजे पहाट. पिलार म्हणजे खांब, हे ऐकून ती हसली होती, “अगं बाई, पोरीचं नाव खांब?” चेतनाला घ्यायला आलेल्या बाईने नाव सांगितलं, अंपारो. त्या बाईच्या आजीचं नाव. दुभाष्या म्हणाला, “अंपारो म्हणजे आसरा.”

प्रेमाला वाटलं, बरं झालं. इथे आपण देऊ शकलो नाही, तिकडे नावातच मिळाला. सतरा वर्षं तिने त्या एका शब्दावर काढली. मुलं झोपली की कधीतरी ती तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणायची, अंपारो, आणि तिच्या जिवाला थंडावा वाटायचा.

“काय उत्तर पाठवू?” नमिताताईंनी विचारलं. “कुणी नाही, असं लिहू?”

“आई आहे, असं लिहा.”

“तसं नाही लिहिता येत, प्रेमाताई.”

“मग काहीच लिहू नका.” ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, “मला दहा दिवस रजा पाहिजे. सुतक आहे.”

घरी दत्ताराम पेपर पसरून पावटे सोलत बसला होता. रिटायर झाल्यापासून भाजी तोच निवडायचा.

“चेतना वारली,” प्रेमा म्हणाली.

“खंयची चेतना?”

तिने पिशवी खुंटीला अडकवली. त्याचे हात थांबले.

“कशान गेली?”

“आसरा नव्हता म्हणून.”

हे वाक्य त्याला ऐकवायचंच, असं ती अख्ख्या रस्त्याने ठरवत आली होती. ऐकवून झालं. बरं काही वाटलं नाही. तो ताटातले दाणे उगाच इकडून तिकडे करत राहिला, आणि ती लुगडं न बदलताच जमिनीवर आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून दत्ताराम देवासमोर उभा राहिला. लग्नापासून एक दिवस त्याने दिवा चुकवला नव्हता. त्याने काडेपेटी उचलली, हातात धरून राहिला. मग होती तिथे ठेवली, देव्हाऱ्याचा पडदा ओढला, आणि ओल्या अंगाने उंबऱ्यावर जाऊन बसला.

प्रेमाने ते पाहिलं. पाहून तिने भिंतीकडे तोंड केलं.