मॅलकीचे गिळलेले स्वर

मॅलकी जाऊन महिना झाला. रीतीप्रमाणे सकाळी चर्चमध्ये महिन्याची मिसा झाली आणि मग डोंगरावरची सगळी माणसं त्याच्या बायकोच्या, डेलियाच्या स्वयंपाकघरात चहाला लोटली. हॅमची सँडविचेस, मनुकांचा पाव, एक व्हिस्कीची बाटली. माणसं वाईट नव्हती हो. पण महिना झाला की लोकांना मोठ्यानं हसायची मुभा मिळते आणि विधवेला ती मिळत नाही, एवढंच.

"चल गं फिडेल्मा, काढ ती बासरी," म्हातारा फ्रान्सी म्हणाला. चाळीस वर्षं तो मॅलकीच्या शेजारी बसून फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवत आला होता. "मॅलकी वर कंटाळला असेल. तिकडं देवदूत सगळे हार्पवाले."

फिडेल्मा गावात टपाल वाटायची. चोवीस वर्षांची पोर. गेली दोन वर्षं दर गुरुवारी टपालाची गाडी दाराशी उभी करून ती मॅलकीकडं बासरी शिकायला बसायची. येत्या शनिवारी ती डब्लिनला जाऊन त्याच्या सगळ्या चाली कॅसेटसाठी वाजवणार होती. 'मॅलकीच्या पद्धतीनं' असं वर छापायचंही ठरलं होतं.

तिनं काळ्या लाकडाची बासरी ओठाला लावली. गोड बासरी ऐकायची असेल त्यानं दुसरीकडं जावं. इथं जिभेनं स्वर तोडत नाहीत, बोटांनी तोडतात, आणि पोटातून असा दम मारतात की खालचा स्वर खरखरला पाहिजे, लाकूड गुरगुरलं पाहिजे. नाचणारे पाय थांबत नाहीत, म्हणून वाजवणाऱ्याला श्वासासाठी थांबायची सोय नाही. मधलाच एखादा स्वर गिळायचा आणि त्या फटीत श्वास घ्यायचा. कोण कुठला स्वर गिळतो, त्यावरून डोळे मिटूनही माणूस ओळखू येतो.

फिडेल्मानं चाल सुरू केली आणि फ्रान्सीनं डोळे मिटले. "बापरे," तो पुटपुटला, "हा मॅलकीच की. तंतोतंत."

डेलियाच्या हातातली किटली हातातच राहिली. तंतोतंत होतंच ते. पहिल्या ओळीत एक स्वर गेला, पाठोपाठ दुसरा, आणि वरच्या भागात तर लागोपाठ तीन. एकूण एक फट तिच्या ओळखीची होती. तीस वर्षं खाणीत कोळशाची धूळ खाल्लेली छाती. भिंतीपलीकडं पडून तिनं त्या फटी वाढताना ऐकल्या होत्या. फार झाल्या तेव्हा तिनं त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं, तर तिथं हा शहाणा म्हणतो कसा, मला कसला खोकला? लग्न झालं त्या वर्षी हीच चाल तो अख्खा भाग दोन श्वासांत वाजवायचा. आणि ही गुणी पोर त्याचं दुखणं पाठ करून बसली होती. शनिवारी ते दुखणं कॅसेटवर चढणार आणि मग जन्मभर लोक त्यालाच मॅलकी म्हणणार.

टाळ्या थांबल्यावर डेलियानं तिला मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"शनिवारी असंच वाजवणार आहेस?"

"हो. का, काही चुकलं का डेलियाकाकू?"

"ते श्वास."

"ते तर त्यांचेच आहेत. त्यासाठी जिवाचं रान केलं मी. इतके जवळजवळ श्वास घ्यायला फार जड जातं."

"जाणारच. तुझी छाती धड आहे." डेलिया कपड्यांच्या पेटीवर बसली. "अगं पोरी, ती पद्धत नव्हती. धाप होती ती. त्याला हवा पुरत नव्हती."

फिडेल्माचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, 'हो तर, इथंच घ्यायचा, आमच्या डोंगराची रीतच आहे.'"

"थापाड्या. मरेपर्यंत ताठा सोडला नाही बघ." डेलियाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"

"त्याच्यादेखत? तेवढीच एक ऐट उरली होती गं त्याच्यापाशी. ती कशी काढून घेऊ?"

फिडेल्मानं बासरी मांडीवर घेतली. मग नाक ओढून म्हणाली, "आधी कसं वाजवायचे?"

डेलियाला बासरी येत नव्हती. पण वाद्य नसेल तेव्हा इथल्या बायका तोंडानंच चाल म्हणून नाच चालवतात, तशी तिनं हलक्या आवाजात चाल म्हटली, तरुण मॅलकी श्वास घ्यायचा तिथंच श्वास घेत. दुसऱ्या खेपेला फिडेल्मा तिच्याबरोबर वाजवू लागली. तिसऱ्या खेपेला डेलिया गप्प झाली आणि पोर एकटीच वाजवत राहिली.

काय सुरेख वाजवलं तिनं. खालचा स्वर भक्कम, चाल सलग, कुठं खंड म्हणून नाही. पण फट यायची त्या जागी डेलियाची छाती सवयीनं थबकायची. चार वर्षं अशीच थबकत आली होती, त्याला श्वास मिळेपर्यंत. आता चाल पुढं निघून जात होती आणि तिथं धापा टाकणारं कुणी नव्हतं. महिनाभर लोक सांगत होते, आज तिला ते कळलं. मॅलकी नव्हता.

"बरोबर आलं?" फिडेल्मानं विचारलं.

"अगदी. शनिवारी असंच वाजव. धड छातीचा मॅलकी लोकांना ऐकू दे."

दारावर फ्रान्सीची थाप पडली. "काय हो, पोरीला पळवून नेलंत की काय? अजून एकदा होऊ द्या की मॅलकी."

फिडेल्मानं डेलियाकडं पाहिलं. "बाहेर आता कसं वाजवू?"

डेलियानं पदरी उरलेलं सगळं धैर्य गोळा केलं. "आजच्या दिवस पहिल्यासारखंच वाजव."

"धापेसकट?"

"धापेसकट. दवाखान्यात मी चहा आणायला खाली गेले होते गं. वर येईपर्यंत संपलं होतं. त्याचा शेवटचा श्वास ऐकायचा राहून गेला माझा."

फिडेल्मानं बासरी पुसली आणि दोघी बाहेर गेल्या.