सुईवाली विरुद्ध सभा

कोर्टाच्या दारावर शिपायाने माझी कात्री काढून घेतली. मग सुयांची डबी. मग पिशवीतून मापाची टेप बाहेर ओढून उलटसुलट बघायला लागला. "अहो, टेपने काय गळा आवळणार आहे कुणाचा?" मी म्हटलं. मेला हसलासुद्धा नाही. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

आज आईची साक्ष होती. माझ्याविरुद्ध.

आमच्या सभेत, म्हणजे आम्ही ज्या पंथात आहोत तिथे, कुणाला नावाने हाक मारत नाहीत. नाव आलं की मीपणा येतो म्हणे, म्हणून ज्याला त्याला त्याच्या कामावरून ओळखायचं. मी कपडे शिवते, म्हणून सुईवाली. माझ्याबरोबर दावा लावलाय तो वायरमन. आणि जे सगळ्यांच्या वर बसतात ते थोरले. बसणं हेच त्यांचं काम असावं.

झालं काय, तर मुलांच्या वर्गात कुणी दंगा केला की त्याला सतरंज्यांच्या खोलीत कोंडायचे. तिथला दिवा दुरुस्त करायला वायरमन गेला, तर आत अंधारात एक चिमुरडी रडून रडून निळी पडलेली. त्याने मला सांगितलं. मी भर बैठकीत उठून विचारलं, हे काय चाललंय? थोरले गोड हसले. आणि पुढच्याच बैठकीत त्यांनी माईकवरून जाहीर केलं, "आपल्यातली एक सुईवाली लेकरांवर हात उचलते, आणि एक वायरमन दारू पिऊन कंड्या पिकवतो. दोघांपासून लांब राहा." वायरमनला सोडा प्यायला तरी ठसका लागतो! आणि तो माईकसुद्धा त्यानेच बसवलेला. आवाज कसा खणखणीत, अगदी मागच्या रांगेपर्यंत.

एकदा असं जाहीर झालं की त्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. दुसऱ्या दिवशी मी भावाकडे गेले. आई त्याच्याकडेच असते. तिने दार उघडलं, माझ्या खांद्यावरून मागच्या जिन्याकडे बघितलं, जणू कुणी आलंच नाही, आणि दार लावून घेतलं. मी तिथेच पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. आतून तिने रेडिओ मोठा केला.

म्हणून मी कोर्टात गेले. लोकांना वाटतं, बाईला अब्रूची पडली आहे. अब्रू गेली खड्ड्यात! थोरल्यांनी त्याच माईकवरून 'आम्ही बोललो ते खोटं होतं' असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तसं झालं की नियम सुटतो. आई माझ्याशी बोलू शकते.

सभेचा बचाव मात्र बिलंदर होता. आम्ही नाव घेतलंच नाही! सभेत शिवणाऱ्या आणखीही बायका आहेत. वायरिंग करणारेही आहेत. ते बोलणं यांच्याबद्दल होतं असं कुणी मानलं? कुणीच नाही. हव्या तर हिच्या सख्ख्या आईला विचारा.

आणि आई आली. भावाने हाताला धरून आणली आणि पिंजऱ्यात उभी केली. वाळली होती गं बाई माझी. अंगात तोच राखाडी स्वेटर, आणि त्याचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. माझे हात शिवशिवायला लागले. बटण लावायला मला तिनेच शिकवलं. लावून झालं की दोन बोटांत धरून खसकन ओढायची आणि म्हणायची, "सैल आहे. परत लाव." मग मी रडत रडत परत लावायची. आता घरात इतकी माणसं असून म्हातारीच्या बटणाकडे कुणाचं लक्ष नाही, या विचाराने माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सभेच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "आजी, त्या दिवशी थोरल्यांनी कुणाचं नाव घेतलं का?"

"नाही. आमच्यात घेत नाहीत."

"बस. एवढंच." तो मिशीला हात लावत खाली बसला. वायरमन माझ्या कानात म्हणाला, "ताई, बोंबललं सगळं." मी त्याला कोपराने ढोसलं.

मग आमच्या वकीलबाई उठल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. "आजी, तिकडे बाकावर ती निळ्या कपड्यातली बाई बसली आहे. तिच्याकडे बघून सांगा, ही तुमची कोण?"

आई छताकडे बघायला लागली. पंख्याकडे. मग न्यायाधीशांच्या टेबलाकडे. सगळीकडे बघितलं, फक्त माझ्याकडे नाही. बघ ना गं, मी मनात म्हणत होते. तू बघितलंस तर ते बोलणं माझ्याबद्दल नव्हतंच असं ठरेल आणि मी खटला हरेन, हे मला कळत होतं. तरी मी तेच म्हणत होते, बघ ना.

"आजी?"

"बघता येत नाही."

"डोळ्यांना त्रास आहे का?"

"डोळे चांगले आहेत माझे!" आई फणकारली. "सुईत दोरा ओवते अजून. नियम आहे आमच्यात. ज्याच्याबद्दल जाहीर झालं, त्याच्याकडे बघायचं नाही."

सभेचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानेच बसवलं.

"म्हणजे ते हिच्याबद्दल होतं?" वकीलबाईंनी विचारलं. "सभेत शिवणाऱ्या दुसऱ्या बायकाही आहेत ना?"

"मग? त्यांच्याशी मी रोज बोलते की!" आईचा आवाज चिरकला. "त्यांच्याबद्दल असतं तर मी स्वतःच्या पोरीला दारातून परत पाठवली असती का?"

थोरले पुढच्या रांगेत बसले होते, त्यांचा चेहरा पडला. आईला आपण काय बोलून बसलो ते कळलं की नाही, देव जाणे. तिने नियम पाळला होता. खोटं बोलायचं नाही, हाही आमच्यात नियमच आहे.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी माझा हात दाबला. "निकाल यायचाय अजून, पण तुमच्या आईनेच जिंकून दिलं समजा." वायरमन तर नाचायचाच बाकी होता. मला मात्र आनंद होईना. मायलेकींचं तुटलंय हे चार लोकांत सिद्ध झालं म्हणून आनंद करायचा का? मी शिपायाकडून कात्री आणि डबी परत घेतली आणि फाटकाबाहेर आले.

तिथल्या बाकावर आई एकटीच बसली होती. भाऊ गाडी आणायला गेला असावा. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. ती रस्त्याकडे बघत होती, मी चपलेकडे.

मग तिने स्वेटर काढला. वारा बोचरा होता, तरी काढला. घडी घातली आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवून दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी डबी उघडली. दोरा काही केल्या सुईच्या नाकात जाईना. मी, सुईवाली! शेवटी ओवला. बटण लावलं, दोऱ्याला वेढे दिले, गाठ मारून दाताने तोडला आणि स्वेटर होता तिथे परत ठेवला.

समोरून भावाची गाडी वळली. आईने स्वेटर उचलला, बटण दोन बोटांत धरलं आणि खसकन ओढलं.

"सैल आहे," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली. "परत लाव."

आणि स्वेटर तिथेच ठेवून, कुडकुडत गाडीत जाऊन बसली.

सैल नव्हतं. मी लावलेलं बटण सैल नसतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.