हत्तींची फौज

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या घडवायची, त्यात एकेक दात बसवायची. चार बोटांच्या जागेत दिवसभर मान घालून बसायची सवय तिला या धंद्याने लावली होती. डूख धरायची सवय मात्र तिची स्वतःची. नणंद म्हणायची, "वहिनी भोळी आहे हो माझी." नणंदेला माणसांची पारख कमीच होती.

तिचा नवरा नकाशे काढण्याच्या कचेरीत होता. घरी आला की हातपाय धुवायचा आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून बसायचा. समोर बोटाच्या पेराएवढे धातूचे सैनिक. रोमन पायदळ, घोडदळ, तुतारीवाले. कानशीने त्यांच्या अंगावरचे जोड घासायचे, चिकटवायचे, मग पातळ रंगाचे हात एकावर एक द्यायचे. एका ढालीवरची पिवळी वेलबुट्टी काढायला त्याला अख्खी संध्याकाळ लागायची, आणि तो श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. "आधी जेवून घ्या, रोम कुठे पळून जात नाही," ती ओरडायची. लग्न झालं त्या वर्षी सुरू केलेली फौज मुलगी परदेशी गेली तरी संपली नव्हती.

रविवारी सेनापती यायचा. हा नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र. विम्याचा एजंट, आवाज दणदणीत, म्हणून मंडळात त्याचं नाव सेनापती पडलेलं. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमणारे असेच हौशी लोक. मोठ्या टेबलावर डोंगर-नद्या मांडायचे, दोन बाजूंना फौजा लावायचे, फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा लढायचे. सेनापतीला खेळायला आवडायचं, रंगवायचा मात्र कंटाळा. तो नवऱ्याचीच फौज घेऊन लढायचा, आणि नवरा कौतुकाने बघत राहायचा.

मग नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला, जीभ जड झाली. डोकं मात्र जागच्या जागी होतं. शब्द डोळ्यांत यायचे आणि ओठांशी अडकायचे. त्या धावपळीत सेनापती म्हणाला, "वहिनी, घरात पलंग, खुर्ची, माणसांची ये-जा. फौजेचे हाल होतील. मी नेऊन जपून ठेवतो." तिला तेव्हा तो देवमाणूस वाटला. खोके तिनेच उचलून त्याच्या गाडीत ठेवले.

पुढच्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन भरलं. नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवून ती घेऊन गेली. म्हटलं, आपली फौज बघून जरा बरं वाटेल त्यांना. हॉलच्या मधोमध काचेखाली रोमन उभे होते. बाजूला पहिल्या बक्षिसाची ढाल, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: रचना आणि रंगकाम, आणि पुढे सेनापतीचं नाव. नवऱ्याने प्रत्येक सैनिकाच्या पायथ्याखाली स्वतःची खूण केली होती. तिथे आता नवा काळा रंग चकाकत होता.

सेनापती पाच-सहा जणांना घेऊन उभा होता. ढालींवरची वेलबुट्टी आपण कशी काढली ते सांगत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "ही यांची फौज आहे."

तो क्षणभर चपापला. मग खाली वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली होती हे खरं. पण काम सगळं माझं. याला बिचाऱ्याला आता आठवत नाही. डोक्यावर परिणाम झालाय ना."

नवरा खुर्चीतून त्याच्याकडे बघत होता. तोंड उघडलं, नुसता घोगरा आवाज निघाला. आजूबाजूच्या लोकांनी कीव येऊन नजरा वळवल्या. त्याने मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खुर्ची वळवली आणि ती घरी आली.

"जाऊ दे गं वहिनी," नणंद म्हणाली. "खेळणीच ती. माणूस वाचला हे काय कमी आहे?"

"खेळण्यांचं नाही म्हणत मी. यांना वेड्यात काढलं त्याने, यांच्या तोंडावर."

"मग काय करणार आहेस?"

"दात घशात घालणार आहे त्याचे," दातवाली म्हणाली. "माझा धंदाच आहे तो."

नणंद हसली. दातवाली हसली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तिने नवऱ्यासमोर रोमच्या शत्रूंची चित्रं पसरली. कार्थेजची फौज. भाडोत्री भालाईत, गोफणवाले, आणि हत्ती. "मला शिकवा," ती म्हणाली. नवऱ्याने भुवया उंचावल्या. त्याला वाटलं, बायको आपलं मन रमवायला हे करतेय. तिने तसंच वाटू दिलं.

सैनिक तिने विकत आणले, हत्ती मात्र स्वतः घडवले. मेणात कोरले, प्लास्टरचे साचे केले आणि हिरड्यांसाठी असतं तेच ॲक्रिलिक ओतलं. टेबलावर गुलाबी हत्तींची रांग लागली. त्यांना बघून झटक्यानंतर पहिल्यांदा नवरा पोट धरून हसला. सुळे तिने कवळीच्या दातांच्या पांढऱ्या ॲक्रिलिकातून घासून काढले. तशी चमक बाजारात मिळाली नसती.

रंगवणं जड गेलं. हात बसलेला होता, पण डोळा कच्चा होता. रंग जाड झाला की नवरा डाव्या हाताने टेबलावर टकटक करायचा. बरोबर जमलं की डोळे मिटायचा. "पातळ," तो म्हणायचा. एवढा शब्द त्याला जमू लागला होता. मग "सावली". मग "पुसून टाक". तिने किती माणसं पुसली आणि पुन्हा रंगवली त्याला गणती नाही. खेळही ती शिकली. कोपऱ्यावरचा केमिस्ट मंडळाचा अध्यक्ष होता, तो हौसेने नियम समजावून द्यायचा. कवळ्या बनवणाऱ्या बाईला लढाई कशाला शिकायची आहे, असं त्याने एकदाही विचारलं नाही. मनातल्या मनात ती सेनापतीला रोज वेगवेगळ्या तऱ्हेने लोळवायची. एका हत्तीच्या पायाखाली तिने एक चिरडलेला सैनिक घडवला. त्याचं तोंड आ वासलेलं होतं आणि आत एकही दात नव्हता. नवऱ्याने तो बराच वेळ हातात धरला, तिच्याकडे पाहिलं, आणि जागेवर ठेवला.

फौज बघून केमिस्ट वेडाच झाला. "वार्षिक सभेला हिचीच लढाई लावू. रोमन विरुद्ध हत्ती! सेनापती नाही म्हणणार नाही."

सेनापती कशाला नाही म्हणतो? हॉल गच्च भरलेला, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आलेला. खेळ सुरू होण्याआधी त्याने भाषणच ठोकलं. वर्षानुवर्षांची साधना, डोळ्यांत तेल घालून केलेलं काम. "आजही एखादा सैनिक दुखावला तर मी तिथल्या तिथे उभा करतो," तो म्हणाला. दातवालीने ते वाक्य खाली पडू दिलं नाही. नवरा टेबलाच्या टोकाशी खुर्चीत बसला होता.

लढाई बरी चालली. तिचे दोन हत्ती बिथरून तिच्याच गोफणवाल्यांवर उलटले, लोक हसले, सेनापती दात काढून हसला. तिला जिंकायचं नव्हतंच. ती एका जागेची वाट बघत होती. रोमनांच्या मधल्या फळीत, लांडग्याचं कातडं पांघरलेला निशाणवाला उभा होता. नवऱ्याचं सगळ्यांत लाडकं काम. त्या कातड्याचा केस न् केस त्याने वेगळा रंगवला होता. तिचा हत्ती त्या फळीला भिडला. ती हत्ती सरकवायला वाकली, आणि तिची बाही निशाणवाल्याला लागली.

तो फरशीवर आपटला. हात तुटून निशाणासकट वेगळा झाला, आणि लाल झग्याच्या रंगाचा मोठा टवका उडाला.

"अरेरे!" हॉलमधून आवाज उठला. नवऱ्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला.

"माझी चूक," दातवाली म्हणाली. "पण भाऊजी आहेत म्हणून बरं. आत्ताच म्हणाले ना, तिथल्या तिथे उभा करतो." तिने पिशवीतून डिंक, ब्रश, रंगांच्या बाटल्या काढून त्याच्यासमोर मांडल्या. "आम्ही थांबतो. घाई नाही."

"इथे? एवढ्या गर्दीत?" तो हसत म्हणाला. "घरी नेऊन करतो ना."

"अहो, करा की!" कुणीतरी मागून म्हणालं. "आम्हालाही शिकायला मिळेल." खुर्च्या पुढे सरकल्या. फोटोग्राफर टेबलाजवळ आला.

हात चिकटवता चिकटवता डिंक त्याच्या बोटांना लागला आणि निशाण उलटं चिकटलं. ते उपटून पुन्हा लावलं. मग त्याने बाटलीतला लाल रंग तसाच उचलला आणि टवक्यावर फासला. जुन्या खोल लाल झग्यावर ते ठिगळ ताज्या जखमेसारखं दिसू लागलं. ते झाकायला त्याने आणखी रंग घेतला, तो ओघळून कातड्याच्या केसांत शिरला. केमिस्टने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आज हात थरथरतोय जरा," सेनापती म्हणाला. कपाळावर घाम आला होता.

"हात थरथरतो तर यांना विचारू," दातवाली म्हणाली. "यांचा तर एकच चालतो, तोही डावा." आणि तिने नवऱ्याची खुर्ची टेबलाला लावली.

यातलं काहीच तिने त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. पण मग त्याची नजर निशाणवाल्यावर गेली आणि तिथेच राहिली. त्याने ओल्या फडक्याने ते ठिगळ टिपून काढलं. तपकिरी घेतला, लाल घेतला, निळ्याचा एक ठिपका घेतला आणि पाण्यात इतका पातळ केला की नुसता डाग वाटावा. डावा हात खरंच थरथरत होता; रेघ धड येईना. तो रेघेच्या भानगडीत पडलाच नाही. नुसते ठिपके टेकवत गेला, थांबत, फुंकर घालत, पुन्हा टेकवत. मग ब्रश खाली ठेवला.

केमिस्टने सैनिक उचलून दिव्याखाली धरला. कितीही फिरवला तरी टवका कुठे उडाला होता ते सापडेना. त्याने तो शेजाऱ्याकडे दिला, शेजाऱ्याने पुढे. हातोहात तो हॉलभर फिरला. कुणीही सेनापतीकडे बघत नव्हतं, आणि तेच त्याला सोसेना.

"आम्ही दोघांनीच..." त्याने सुरुवात केली.

"भाऊजी, तुम्हाला आठवत नसेल," दातवाली गोड आवाजात म्हणाली. "डोक्यावर परिणाम होतो कधीकधी."

तो कोट विसरून गेला. जिन्यावरून उतरताना त्याची पावलं सगळ्यांनी ऐकली. फौज त्याच दिवशी घरी आली, मागच्या बक्षिसाची ढालही आली. ढालीवरचं नाव केमिस्टने स्वतः खरवडलं.

घरी आल्यावर नवऱ्याने निशाणवाल्याला मांडीवर घेतलं. "तू," तो एकेक शब्द ओढत म्हणाला, "मुद्दाम. पाडलंस."

"हो."

"हाच?"

"दुसरा पाडला असता तर कुणाला हळहळ वाटली असती?"

त्याने मान वळवली. कितीतरी दिवस तो तिच्या हातचं मुकाट्याने खायचा आणि टेबलाजवळ फिरकायचा नाही. तिला वाईट वाटलं, पण पस्तावा काही झाला नाही. जिन्यावरून उतरणारी ती पावलं तिला कवळ्या घासतानाही ऐकू यायची आणि हात कसा झरझर चालायचा.

मग एका रविवारी दारात सेनापती. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"वहिनी, मंडळात कुणी माझ्याशी खेळत नाही. चुकलं माझं. त्याला भेटू द्या एकदा."

याच घटकेसाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल. तिने दार अर्धंच उघडं ठेवलं आणि मनात जुळवलेलं सगळं ओठांवर आणलं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"येऊ दे."

"अहो, याला?"

"येऊ दे."

ती चरफडत बाजूला झाली. आजारपणाने माणूस मऊ झाला, तिला वाटलं. सेनापती डोळे पुसत आत आला. नवऱ्याने त्याला मिठी मारली नाही, की पाणी विचारलं नाही. डाव्या हाताने टेबलाकडे खूण केली. एका बाजूला रोमन, एका बाजूला हत्ती. हत्ती त्याने स्वतःकडे घेतले.

दुपार सरायच्या आत रोमनांची धूळधाण उडाली. नवऱ्याने दयामाया दाखवली नाही. पळणाऱ्यांनाही गाठून गाठून टिपलं, प्रत्येक मेलेला सैनिक सेनापतीलाच उचलायला लावला, आणि खेळ संपला तेव्हा फासे पुन्हा त्याच्यापुढे सरकवले. सेनापती रडवेल्या तोंडाने बसला आणि पुन्हा हरला. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ?" नवऱ्याने मान हलवली.

तो येत राहिला. त्याला जायला दुसरी जागा नव्हती. येतो, हरतो, मेलेले उचलतो, जातो. नणंद म्हणते, बघ, शेवटी मैत्रीच ती. दातवाली स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याचा चेहरा बघते आणि इतकी वर्षं संसार केलेल्या या माणसाला आपण आत्ता कुठे ओळखू लागलो, असं तिला वाटतं.

परवा सेनापती गेल्यावर तिलाच जरा कणव आली. हत्ती खोक्यात ठेवता ठेवता ती म्हणाली, "एखादा डाव जिंकू द्या की त्याला. बस झालं आता."

नवऱ्याने शांतपणे विचार केला. अलीकडे त्याची जीभ बरीच सुटली होती.

"अजून नाही," तो म्हणाला.