खात्रीची भीती

एकोणपन्नासाव्या वर्षी डेल्विन हार्डस्टाफ पुन्हा वर्गात जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी मुलीला पोचवायला आलोय आणि ती मुलगीच सापडत नाहीये.

बर्नी गावच्या कॉलेजात समुद्री वनस्पतींचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता. अर्ज तिच्यावर उपचार चालू होते त्या दवाखान्यातल्या नर्सनं आणून दिला होता. शेवाळ डेल्विनला नवं नव्हतं. टास्मानियाच्या त्या किनाऱ्यावर ती आणि तिची थोरली बहीण रोना बापाच्या हाताखाली शेवाळ ओढतच वाढल्या. वादळ ओसरलं की चामड्यासारखे जाड, काळपट पट्टे वाळूवर येऊन पडायचे. ते दोरानं ओढायचे, गाडीत टाकायचे, लाकडी मांडवांवर वाळवायचे आणि कारखान्याला द्यायचे. बाप गेल्यावरही दोघी बहिणींनी ते काम सोडलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात डेल्विनची झोप उडाली. अकरा दिवस ती जवळजवळ झोपलीच नाही, आणि दमलीही नाही. बाराव्या दिवशी, लख्ख उन्हात, तिनं मांडवांवरचं सगळं वाळलेलं शेवाळ सहा खेपांत समुद्रात नेऊन टाकलं. समुद्रानं ते परत मागितलंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. रोना गाडीपुढे आडवी उभी राहिली, तेव्हा डेल्विन अगदी शांतपणे म्हणाली होती, "तुला नाही कळत ते, रोना. मला कळतं."

मग इस्पितळ, गोळ्या, घर, पुन्हा इस्पितळ. रोनानं शेवाळाचं काम बंद केलं, जवळच्या विनयार्ड गावात घर घेतलं, शाळेच्या कँटीनमध्ये नोकरी धरली आणि मागची खोली बहिणीला दिली. त्या सहा खेपांबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं डेल्विनला वाटायचं. कधी वाटायचं, नाही बोलली तेच बरं.

कॉलेजातले पहिले चार आठवडे धुक्यातच गेले. गोळ्यांनी हात थरथरायचा, घसा सारखा कोरडा पडायचा. पान वाचून उलटलं की आधीच्या पानावरचं पुसून जायचं. भिंगाखाली पाहून चित्र काढायला घेतलं की वाळूवर खेकडा चालून गेल्यासारख्या रेघा उमटायच्या.

"सोडून दे ना," रोना चॉप्स परतता परतता म्हणाली. "कुणी नावं नाही ठेवणार."

"सोडू?"

"मी कुठं म्हणतेय सोड म्हणून?"

"आत्ताच तर म्हणालीस."

"मी म्हटलं, सोडलंस तरी चालेल. त्यात फरक आहे, बाई."

काय फरक आहे ते डेल्विनला रात्रीचं जेवण संपेपर्यंत कळलं नाही.

पाचव्या आठवड्यात मात्र काहीतरी हललं. शेवाळ खडकाला ज्या तळानं घट्ट धरून असतं, त्याला बाप 'पंजा' म्हणायचा. तो पंजा कसा वाढतो हे तिनं एका बैठकीत वाचलं, आणि ते लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं! ती पहाटे उठून वाचायला लागली. बसमध्ये शेजारच्या म्हातारबुवांना तिनं पंजाची सगळी हकिकत सांगितली, आणि त्यांनी ती ऐकूनही घेतली. तिला खूप बरं वाटत होतं.

त्यानंच तर ती घाबरली. मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती, खूप बरं वाटण्यापासून.

"किती झोपलीस?" रोनानं टोस्टवर व्हेजिमाइट फासत विचारलं.

"साडेपाच तास."

"परवा सात झोपली होतीस."

"परवा अभ्यास आवडत नव्हता."

रोनानं सुरी खाली ठेवली. "डेल, हे आवडणं आहे की ते दुसरं?"

"मला कळत नाहीये," डेल्विन म्हणाली. "तुला काय वाटतं?"

"मला कसं कळणार? तू हसलीस तरी मी तुझ्या गोळ्या मोजायला जाते." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, रोनाचं तर तोंड दोनदा पोळलं होतं.

त्याच आठवड्यात वर्गात जुने नमुने वाटले. कागदावर चिकटवून वाळवलेली रोपटी, खाली चिठ्ठीवर नाव. डेल्विनच्या वाट्याला आलेल्या कागदावर ओळखीचंच शेवाळ होतं. तिनं चिठ्ठी वाचली, रोप पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. या जातीत एका पंजातून एकच देठ निघतो. इथं दोन होते. म्हणजे ही दुसरी जात. चिठ्ठी चुकीची. तिला पक्की खात्री झाली.

आणि 'खात्री' हा शब्द मनात येताच तिनं भिंग खाली ठेवलं; समुद्राबद्दलही अशीच खात्री होती. वर्गातल्या सगळ्यांनी तो कागद पाहिला होता, कुणालाच काही खटकलं नव्हतं. इतकी वर्षं ती चिठ्ठी तिथं होती. आणि कळलं कुणाला? डेल्विनला. तिनं कागद पालथा घातला. पुन्हा सुलटा केला. देठ दोनच होते. की तिलाच दोन दिसत होते?

वर्ग सुटल्यावर ती शिक्षिकेपाशी गेली. टॅम्सिन तिशीतली होती, बाहीला कायम शाईचे डाग.

"टॅम्सिन, मी एक विचारते. तुला वेडेपणा वाटला तर सरळ सांग. मी खरंच विचारतेय, म्हणजे... मला ते कळायला हवंय."

"विचार की."

"इथं किती देठ दिसतात?"

टॅम्सिननं भिंग लावलं. कागद खिडकीकडे वळवून पुन्हा पाहिलं. 

"दोन," टॅम्सिन म्हणाली. "हं. चिठ्ठी चुकली असेल. किंवा नसेलही. मला नाही सांगता येत."

"तुला येत नाही?"

"नाही ना. होबार्टला शेवाळातल्या जाणकार एक बाई आहेत, त्यांना पाठवते."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं की डेल्विन बघतच राहिली. माहीत नाही म्हणून ही बाई घाबरली नव्हती. उलट खूश दिसत होती.

घरी येऊन तिनं रोनाला सगळं सांगितलं आणि दवाखान्यात न्यायला सांगितलं. नर्सनं रक्त तपासायला घेतलं, झोपेचं विचारलं, खाण्याचं विचारलं. दोन दिवसांनी फोन आला. रक्तातलं औषध हवं तेवढंच होतं. "हा नुसता आनंदही असू शकतो," नर्स म्हणाली, "किंवा सुरुवातही असू शकते. आज ठरवता येणार नाही. रात्री पुस्तक मिटायची वेळ ठरव, आणि शुक्रवारी ये."

"म्हणजे काय झालंय तुला?" रोनानं विचारलं.

"अभ्यास," डेल्विन म्हणाली. रोनाला हसावं की रडावं कळेना.

डेल्विन नऊला पुस्तक मिटायला लागली. झोप साडेसहा तासांवर पोचली. वाचलेलं तरीही आवडतच राहिलं. हे नक्की काय, याचा उलगडा शुक्रवारी झाला नाही, पुढच्या शुक्रवारीही झाला नाही.

तीन आठवड्यांनी होबार्टहून उत्तर आलं. चिठ्ठी बरोबर होती. दोन कोवळी रोपं शेजारी शेजारी उगवून त्यांचे पंजे एकमेकांत मिसळले होते, म्हणून दोन देठ. टॅम्सिननं ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "डेल्विननं विचारलं नसतं तर मलाही हे कळलं नसतं."

डेल्विनला फक्त एवढंच ऐकू आलं, की आपलं चुकलं. तिनं ते आत जाऊ दिलं. गेलं. काही मोडलं नाही. तिला कुणी सांगितलं की तू चुकलीस, आणि तिला ते पटलं! त्या वसंतात साऱ्या जगानं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, तेव्हा एक शब्द आत शिरला नव्हता. ती बाकावर बसून रडायला लागली, आणि का रडतेय ते तिलाच सांगता येईना.

संध्याकाळी रोना गोंधळून तिच्याकडे बघत होती. "थांब. तुझं चुकलं?"

"साफ चुकलं."

"मग एवढी खूश का आहेस?"

"चुकलं ते मला कळलं ना, म्हणून."

रोना खुर्चीवर बसली. टेबलावरचं कापड उगाचच सारखं करत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "सहा खेपा, डेल. मी ओरडत होते. तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस."

तीन वर्षांत पहिल्यांदाच ती हे बोलली. डेल्विन "हो" म्हणाली. मग "माफ कर" म्हणाली. ते पुरेसं होतं की नाही, दोघींनाही कळलं नाही. रोनानं किटली चढवली.

"टॅम्सिन पुढच्या महिन्यात वर्गाला किनाऱ्यावर नेणार आहे," डेल्विन म्हणाली. "आपल्याच. भरती-ओहोटी मला ठाऊक आहे म्हणून पुढं मी चालायचं म्हणाली. मी हो म्हणून बसले. म्हणायला हवं होतं का?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू?"

रोनानं दोन कपांत चहा ओतला. "थर्मास भरून मीही येते," ती म्हणाली. "पण मांडवांकडे नाही जायचं. किंवा जाऊ. तिथं गेल्यावर बघू."