घराभोवतीची रेघ

डाकोटाच्या माळावर घर मातीच्या ढेकळांचं असलं तरी चालायचं, पण दारापासून शेजाऱ्याच्या दारापर्यंत नांगराची रेघ हवीच. झाड नाही, टेकडी नाही, नजर जाईल तिथवर गवत. शेजारी विस्तव मागायला गेलेला माणूस परतताना स्वतःच्या घराला मुकायचा. क्रिस्टोफने रशियातलं जर्मन खेडं सोडून इथे जमीन धरली, तेव्हा चूल मांडायच्या आधी त्याने शेजारच्या म्हाताऱ्या बाल्टझर काकांच्या दारापर्यंत दोन मैल रेघ ओढली.

"पाय रेघेत ठेवायचा आणि डोळे मिटून चालायचं," तो बायकोला, ओटिलियाला म्हणायचा. "माझ्याशी भांडून गेलीस तरी याच दारात येशील."

"आणि तू भांडून गेलास तर?"

"मी कशाला जातोय? जेवण तुझ्या चुलीवर असतं."

त्या शरद ऋतूत माळाला आग लागली. गवताच्या गंजी गेल्या, उभा गहू गेला. ऐन वेळी वारा फिरला म्हणून घर आणि गाय तेवढी वाचली. तेव्हापासून ओटिलियाच्या मनात आगीची धास्ती बसली ती बसलीच. शेजाऱ्याच्या धुराड्यातून धूर निघाला तरी तिच्या हातातलं काम गळून पडे. घराभोवती नांगरून गोल रेघ ओढ, म्हणजे आग आत येणार नाही, असा धोशा तिने क्रिस्टोफच्या मागे लावला.

"पुढच्या वर्षी ओढू," तो म्हणाला. "आता जाळायला उरलंय काय?"

"मी उरलेय ना."

तो हसला, पण थांबला नाही. गहू जळाल्यावर हिवाळ्यात खायचं काय, म्हणून तो रेल्वेचे रूळ टाकायच्या कामावर निघून गेला. नाताळला येतो म्हणाला.

तो गेला आणि ओटिलियाने काकांचं दार गाठलं. "काका, तुमचे बैल बसून खातायत."

"बैलांचं ठीक आहे गं. मी बसलो की मला उठवायला माणूस लागतो." असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बैल घेऊन हजर. घर, गोठा, विहीर सगळं आत घेऊन त्यांनी खोल गोल रेघ ओढली. काम मनापासून करणारा माणूस. मात्र जिथे ही नवी रेघ जुनीला आडवी गेली, तिथे उलटलेली ढेकळं आतल्या बाजूला पडली आणि घराकडे येणाऱ्या जुन्या रेघेचं तोंड बुजलं. काका फावडं शोधू लागले. त्यांचे हात गारठून निळे पडले होते.

"राहू द्या काका," ओटिलिया म्हणाली. "सूप निवतंय. वसंतात काढू. घर समोर तर दिसतंय, कोण चुकतंय?"

दोघं शेवयांचं गरम सूप प्यायले. त्या रात्री ती किती दिवसांनी गाढ झोपली. सकाळी जमीन गोठून दगड झाली होती.

नाताळ अजून लांब होता. पण थंडीने रुळांचं काम बंद पडलं आणि क्रिस्टोफ लवकरच परत निघाला. दुपारी तो काकांकडे टेकला, पाव खाल्ला, ओटिलियासाठी आणलेली तांबडी शाल त्यांना उलगडून दाखवली. बाहेर आभाळ राखेसारखं झालं होतं.

"आज राहा," काका म्हणाले. "लक्षण बरं नाही."

"रेघ आहे की, काका. बायकोला न सांगता घरात शिरायचंय मला." आणि तो गेला.

काका भांडी उचलायला वाकले आणि त्यांना ती ढेकळं आठवली. ते तसेच बाहेर धावले, हाका मारल्या. तोवर बर्फाचं वादळ उतरलं होतं. काकांना स्वतःचा हात दिसेना. हे सगळं त्यांनी ओटिलियाला नंतर सांगितलं, आणि मरेपर्यंत सांगत राहिले.

इकडे ती चुलीत गोवऱ्या सारत बसली होती. एवढ्याशा खिडकीवर बर्फ थापला गेला होता. क्रिस्टोफ तिकडे रुळांच्या कामावर शेकोटीपाशी असेल, या विचाराने तिला बरं वाटत होतं. तेवढ्यात चुलीपाशी झोपलेला त्यांचा म्हातारा कुत्रा उठला आणि दाराकडे तोंड करून भुंकला.

"काय रे? या वादळात कोण येतंय मरायला?"

कुत्रा दारापाशी थांबला नाही. भिंतीभिंतीने सरकत तो गोठ्याच्या बाजूला गेला, तिथे भुंकला. मग चुलीमागे. मग पुन्हा दाराशी. लांडगा घराला फेऱ्या घालतोय, असं ओटिलियाला वाटलं. तिने दाराला आडणा लावला. कुत्रा पुन्हा गोठ्याच्या भिंतीशी गेला, पुन्हा चुलीमागे, आणि दाराशी येऊन आडण्याला पंजे मारू लागला.

"गप ए. गप म्हणते ना." तिने त्याला फुंकणीने डिवचलं. तो थोडा वेळ केकाटला आणि मग खरंच गप्प झाला. तिला हायसं वाटलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. काका रेघ धरून आले आणि आधी तिच्याकडे न बघता त्यांनी घराकडे बघितलं. "क्रिस्टोफ पोचला ना?"

ओटिलियाला प्रश्नच कळला नाही. कुत्र्याला कळला. तो गोठ्यामागे धावला.

गोल रेघेत क्रिस्टोफ गुडघ्यांवर बसल्यासारखा होता, एक हात रेघेच्या कडेवर. शाल त्याने छातीशी कोटाच्या आत धरली होती. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ झाडून नेला होता, आणि खाली रेघेत पायांनी तुडवून कठीण झालेला बर्फ उघडा पडला होता. घराच्या चारही बाजूंनी, सलग. त्याने रेघ सोडली नव्हती. दोन मैलांची वाट आपण अजून चालतोच आहोत, असंच त्याला वाटलं असणार. घरातून तिने नुसतं दार उघडून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"माझं चुकलं गं," काका रडत म्हणाले. "मीच ओढली ती."

"तुम्ही फावडं शोधत होतात, काका. मी सूप वाढलं."

वसंतात जमीन मऊ झाल्यावर ती ढेकळं तिने हातांनी काढली. गोल रेघ मात्र तिला बुजवता येईना, बघवेनाही.

पुढच्या शरदात पुन्हा आग आली. माळ क्षितिजापर्यंत पेटला, आणि ज्वाळा त्या गोल रेघेपाशी येऊन विझल्या. गंजी वाचल्या, गोठा वाचला, घर वाचलं. काका धावत आले तेव्हा ओटिलिया तांबडी शाल पांघरून अंगणात उभी होती, आणि दार सताड उघडं होतं. त्या दिवसापासून कुठल्याही वादळात तिने आडणा लावला नाही. कुत्रा भुंकला की ती उठायची आणि बाहेर जाऊन क्रिस्टोफच्या नावाने हाक मारायची.