दहशत नावाचा कुत्रा

मित्रांनो, मी एक म्हातारा, लंगडा कुत्रा आहे. माझे दोन्ही कान मुळापासून कापलेले आहेत आणि मागचा डावा पाय जमिनीला टेकत नाही. मला पाहिले की तुमच्यातली लहान मुले आईच्या मागे लपतात. त्यात त्यांची चूक नाही. मला घडवलेच तसे होते. नावही तसेच ठेवले होते. माझे नाव दहशत.

बीड जिल्ह्यात, चौसाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. त्या वाडीबाहेरच्या माळावर आप्पाराव नावाच्या मेंढपाळाची पाले, म्हणजे कापडी राहुट्या होत्या. आप्पाराव, त्यांची बायको बायडाबाई, मुलगी सुकन्या आणि दीडशे मेंढरे, एवढा तो संसार. माझी आई त्या मेंढरांची राखण करायची. आम्ही पाच भावंडे होतो. सगळी करडी, मी एकटा काळा. माझा फक्त एक पंजा पांढरा होता.

मी महिन्याचा असताना एक काळी गाडी माळावर येऊन थांबली. तिच्यातून अभिमन्यू उतरला. त्याचे वडील सुंदरराव म्हणजे गावचे पुढारी. ग्रामपंचायत, सोसायटी, सगळे त्यांच्या मुठीत. अभिमन्यूने मला मानगुटीला धरून उचलले.

"आप्पा, हे काळं माझं."

"लई ल्हान हाय वो अजून," आप्पाराव म्हणाले. "दूध पितंय आईचं."

"मी इचारलं का बे तुला?"

मला गाडीच्या डिकीत टाकले. माझी आई गाडीमागे पळत आली असावी. तिचे भुंकणे बराच वेळ ऐकू येत होते.

त्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल रंगात एकच शब्द लिहिलेला होता, तोच अभिमन्यूने मला नाव म्हणून दिला. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मला एवढेच कळायचे की तो शब्द उच्चारला की साखळीला हिसका बसतो आणि पाठीवर पाइप पडतो. त्यामुळे माझ्या लेखी दहशत म्हणजे मार.

माझे कान ब्लेडने कापले. दोघांनी पाय धरले होते आणि तिसरा मोबाइलवर ते टिपत होता. मग मला शेडमध्ये लोखंडी खांबाला बांधले. दोन-दोन दिवस उपाशी ठेवायचे आणि मग समोर जिवंत कोंबडी सोडायची. कोंबडीनंतर बकरीचे पिल्लू. मी पहिल्यांदा ते पिल्लू नुसते हुंगले. तेव्हा एवढा मार बसला की मला उभे राहता येईना. दुसऱ्या वेळी मी हुंगले नाही. मित्रांनो, मी ते कसे मारले हे सांगत नाही. पण मी ते मारले, आणि त्या दिवशी मला पोटभर खायला मिळाले.

वर्षभरात माझ्या मानेला काटेरी पट्टा आला. अभिमन्यू मला गाडीत पुढे बसवून फिरवू लागला. लोक बाजूला सरकायचे. कौतुकही व्हायचे. "काय जनावर पोसलंय दादानं!" असे म्हणत पोरे माझ्याबरोबर फोटो काढायची. मला ते आवडायचे. खोटे कशाला सांगू? मारापेक्षा ते बरेच होते.

सोमनाथ नावाच्या टेम्पोवाल्याने एकदा रस्ता द्यायला उशीर केला. अभिमन्यूने दार उघडून मला सोडले. मी सोमनाथच्या मांडीचा लचका तोडला. तो किंचाळत होता आणि अभिमन्यू हसत होता.

याच दिवसांत अभिमन्यूने तळ्याकाठच्या गायरानाला काटेरी तारेचे कुंपण घातले. गायरान गावाचे. मेंढरांना पाणी तिथेच मिळायचे. कुणी काही बोलले नाही. आप्पारावांनी मात्र बीडला जाऊन कचेरीत अर्ज दिला. सुकन्या तेव्हा अकरावीत होती. अर्ज तिनेच लिहिला होता.

पुढच्या शुक्रवारी, दुपारी, वाडीच्या स्टँडवर ते घडले. आप्पाराव आणि बायडाबाई मेंढरे घेऊन रस्त्याने चालले होते. स्टँडवर चाळीस-एक माणसे होती. अभिमन्यूने गाडी आडवी घातली. चौघे पाइप घेऊन उतरले.

"अर्ज देतो का बे? माझ्या इरोधात?"

"दादा, मेंढरांना पाणी पायजे. मी दुसरं काय मागितलं?"

पहिला पाइप खांद्यावर बसला. आप्पाराव गुडघ्यावर आले. मेंढरे बिथरून रस्ताभर पांगली. अभिमन्यूने माझा पट्टा सोडला आणि माझे नाव घेतले.

मी आधी मेंढरांत घुसलो. तीन कोकरे मारली. मग पुन्हा हाक आली तसा आप्पारावांवर गेलो. त्यांनी तोंड वाचवायला हात आडवा केला. तो मनगटापाशी माझ्या दातांत सापडला. हाड कडकन वाजल्याचे मला आठवते. ते ओरडत होते, आणि मी जबडा आवळत होतो, कारण सोडले तर मार बसतो एवढेच मला शिकवले होते.

त्या वेळी स्टँडवर काय होते, ते ऐका. शिंप्याचे मशीन थांबले होते. हॉटेलच्या कढईत भजी काळी पडत होती आणि झारा धरलेला माणूस ती काढत नव्हता. निवृत्त शिक्षक मोहनराव बाकावर चहाचा कप धरून बसले होते. चाळीस माणसांतला एकही माणूस हलला नाही. कुणी पळूनसुद्धा गेले नाही.

हलल्या त्या एकट्या बायडाबाई. त्यांनी खांद्यावरची घोंगडी माझ्या डोक्यावर टाकली आणि सगळे अंग माझ्यावर घातले. "सोड रं! सोड!" असे ओरडत त्या मला दाबत राहिल्या. मला आवडले असते की त्या घोंगडीच्या वासाने मी जन्माचे घर ओळखले, असे तुम्हाला सांगावे. तसे झाले नाही. अंधार झाला, श्वास कोंडला, म्हणून मी जबडा सोडला. बस, इतकेच.

अभिमन्यू पिसाळला. त्याने आप्पारावांच्या पायावर पाइपचे चार घाव घातले. मग बायडाबाईंना केस धरून बाजूला फेकले आणि तोच पाइप घोंगडीवर चालवला. घोंगडीखाली मी होतो.

"नामर्द निघालं हे!" तो म्हणाला. गाडी निघून गेली. मला नाल्यात लोटले होते.

तरीही बराच वेळ कुणी हलले नाही. शेवटी सोमनाथ लंगडत आला. मी ज्याची मांडी फाडली होती, तोच. त्याने टेम्पो लावला आणि आप्पारावांना बीडला नेले, तिथून अंबाजोगाईला. पायात रॉड टाकला. हाताची तीन बोटे कायमची वाकडी राहिली.

आठ दिवसांनी बायडाबाई दवाखान्यातून मेंढरांकडे परतल्या तेव्हा मी त्या नाल्यातच होतो. जखमेत अळ्या पडल्या होत्या. त्या वाकून पाहत उभ्या राहिल्या. मग माझा पांढरा पंजा उचलून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपलंच पिल्लू!" त्यांनी मला पोत्यावर घातले आणि माळापर्यंत ओढत नेले. जखमेवर हळद लावली, पायाला काठ्या बांधल्या.

महिन्याभराने आप्पाराव कुबड्यांवर घरी आले. मला पाहताच त्यांनी कुऱ्हाड मागितली.

"ह्याला कामून आणलं? ह्यानं माझा हात खाल्ला!"

"न् पाय कुणी मोडला?" बायडाबाई म्हणाल्या. "मोडणारा गाडीत फिरतोय. त्याच्यावर कुऱ्हाड चालत न्हाई म्हणून मुक्या जनावरावर का?"

आप्पारावांनी कुऱ्हाड खाली ठेवली. पण पुढचे वर्षभर त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी ते समजू शकतो.

सुकन्याने पोलिसांत फिर्याद दिली होती. साक्षीदार मात्र मिळेना. शिंपी म्हणाला, मी आत होतो. भजीवाला म्हणाला, मी लघवीला गेलतो. सुंदररावांची माणसे माळावर दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा जाताना त्यांनी एक पाल पेटवून दिले.

एका सकाळी मोहनराव सर आप्पारावांना भेटायला आले. सुकन्या वडिलांना फिर्यादीची नक्कल वाचून दाखवत होती. "आरोपीने गावात दहशत निर्माण केली." तिथे ती थांबली.

"सर, दहशत म्हंजी नेमकं काय वो? भीती म्हणा ना सरळ. वेगळा शब्द कशाला?"

मी कान नसलेले डोके वर केले. माझे नाव घेतले होते, पण कुणी मारले नव्हते.

मोहनराव सरांचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांचा जुना कोश सरांनी जपून ठेवला होता. शब्दांची गोष्ट निघाली की सरांचा चेहरा खुलायचा. "शब्द मूळचा अरबी, बाळ," ते सांगू लागले. "तिकडून फारसीत आला, फारसीतून उर्दूत, आणि आपल्याकडे निजामाच्या दरबारातून थेट तोंडात. गंमत अशी की अरबीत त्याचा अर्थ भीती नाहीच. अचंबा. एखादी गोष्ट अशी अंगावर येते की माणूस सुन्न होतो, थिजतो. फारसीत येईपर्यंत त्याची भीती झाली. साध्या भीतीने माणूस पळतो. दहशतीने तो जागच्या जागी राहतो. म्हणून तर आपण म्हणतो, दहशत बसली. ती बसते आपल्यावर, आणि आपण..."

सर एकदम थांबले. सुकन्या त्यांच्याकडे पाहत होती.

"मी तिथेच होतो," सर हळूच म्हणाले. "हातात चहा होता. तो गार झाला, पण मला कप खाली ठेवता आला नाही."

"मला ठाव हाय, सर," बायडाबाई म्हणाल्या. "मी पडले तवा तुमचं धोतर दिसत हुतं मला."

मोहनराव सर खाली मान घालून रडले. मग त्यांनी नक्कल मागून घेतली आणि तिच्यामागे पेन्सिलने स्वतःचे नाव लिहिले. "साक्षीदार म्हणून माझं नाव दे," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांच्या घराच्या काचा फुटल्या. त्यांची मोटारसायकल जाळली. भर रस्त्यात दोघांनी त्यांना इतके मारले की एका कानाने ऐकू येईनासे झाले. सरांनी नाव मागे घेतले नाही.

बीडच्या कोर्टात त्यांची साक्ष झाली. मी तिथे नव्हतो. एसटीने परत आल्यावर सुकन्याने आईला जे सांगितले, तेच सांगतो. आरोपीच्या वकिलाने विचारले, "इतके महिने गप्प का होता?"

"दहशत होती," सर म्हणाले.

"मग आता गेली वाटतं?"

"नाही, आताही आहे. पण आज मी उठून चालत आलो."

पुढच्या तारखेला सोमनाथने साक्ष दिली. त्यानंतर शिंप्याने. अभिमन्यूला पाच वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील चालू आहे, तो जामिनावर सुटेल असेही लोक बोलतात. गायरानाची तार निघाली, निम्मीच. मेंढरांना पाणी मिळते.

मित्रांनो, मी आता मेंढरांबरोबर चालतो, पण दहा हात लांबून. नवी कोकरे माझ्याकडे यायला लागतात, आणि त्यांच्या आया त्यांना परत बोलावतात. बायडाबाई दोन वेळा भाकरी टाकतात. मागच्या महिन्यात आप्पारावांनी वाकड्या बोटांच्या हाताने माझ्यापुढे पाणी ठेवले. ते काही बोलले नाहीत आणि मीही शेपूट हलवली नाही. दोघांनाही ते जमले नाही.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. पिल्लाला साखळीला बांधून, उपाशी मारून, चावायला शिकवू नका. ते शिकते. आणि तुमच्या डोळ्यांदेखत कुणाला मार बसत असेल, तर तुम्ही थिजाल. त्याची लाज वाटून घेऊ नका, त्या शब्दाचा अर्थच तो आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. ओरडा, हाक मारा, एक पाऊल टाका. त्या दुपारी चाळीस माणसे होती आणि पाऊल एकाच बाईने टाकले. तेवढ्यावर एक माणूस जगला, आणि एक कुत्राही.